काळ्या दोऱ्याची बाटली

गहिनीनाथबाबाच्या घराला दार नव्हतं, पण गाठोड्याला तीन गाठी होत्या.

घराला दार नसण्यात नवल काही नाही. शिंगणापुरात कुणाच्याच घराला दार नसतं. शनिदेवाची शिळा तिथं उघड्या आभाळाखाली उभी आहे, तिच्या डोक्यावर छप्पर नाही, मग माणसाने आपल्या चौकटीला फळ्या कशाला ठोकायच्या, असा गावाचा सरळ हिशेब. रात्री कुत्रं आत शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवतात, तेवढंच. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप तर नाहीच. चोरी करणाऱ्याला देव वेस ओलांडू देत नाही, हे बाबाने जन्मापासून ऐकलं होतं आणि मानलंही होतं. मात्र देवाची ही राखण वेशीपर्यंतच, असंही त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. वेशीबाहेर ज्याचं त्याने बघावं. म्हणून घोडेगावच्या बाजारात तो बैलाच्या तोंडात स्वतः हात घालून दात पाहायचा. सोनईच्या दुकानात तराजूच्या दांडीवरून नजर हटवायचा नाही. आणि नगरच्या दवाखान्यात आल्यापासून गाठोडं उशाला घेतल्याशिवाय त्याने डोळा मिटला नव्हता.

दवाखान्यात तो आला होता नातवासाठी. रंगनाथ हा त्याचा एकुलता मुलगा, चांगुणा सून आणि गोरक्ष त्यांचा पोरगा. गोरक्षला पाचवं सरलं होतं, पण दिसायला तीन वर्षांच्या पोराएवढा. जन्मला तेव्हा चांगला गुबगुबीत होता. रांगायला लागला आणि त्याच्या मागे जे दुखणं लागलं ते सुटेचना. आज कान फुटला, उद्या छाती भरली, परवा अंगावर फोडच फोड. वैद्य झाले, अंगारे झाले, सोनईच्या डॉक्टरच्या सुया झाल्या. सुई टोचली की आठ दिवस बरं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गोरक्षच्या आधीचा एक मुलगा असाच गेला होता. चांगुणाचे दोन्ही भाऊही मिसरूड फुटायच्या आत गेलेले. गावातल्या बाया पाणवठ्यावर बोलायच्या की हिच्या माहेराला मुलगे पचत नाहीत. ते बाबाच्या कानावर यायचं. तो सुनेला उघड काही बोलायचा नाही, पण तिच्या हातचं घेताना त्याची मान जरा वाकडी व्हायची. ते तिला कळायचं.

बांगलादेशाची लढाई संपली त्या हिवाळ्यात गोरक्षची छाती अशी भरली की त्याला बैलगाडीत घालून सडकेला आणला आणि तिथून नगरला. तिथल्या डॉक्टर भिंगारदिवेबाईंनी त्याला वाचवला. मग त्याचं रक्त मुंबईला पाठवलं, आणि उत्तर आल्यावर तिघांना समोर बसवून सांगितलं.

"बाबा, गावाला जसा जागल्या असतो, तसे माणसाच्या रक्तात जागले असतात. रोग आत शिरला की ते त्याला धरतात. गोरक्षच्या अंगात हे जागले तयारच होत नाहीत. आम्ही औषध देऊन एक रोग हाकलतो, तर दुसरा येऊन बसतो."

"आमच्या गावाला जागल्या लागत न्हाई," बाबा म्हणाला.

"तुमच्या गावाला दार नाही, पण राखणारा देव आहे ना? या पोराच्या अंगाला दारही नाही आणि राखणारही नाही."

बाईंनी पुढे सांगितलं की धडधाकट माणसाचं रक्त काढून गारव्यात स्थिर ठेवलं, की लाल भाग तळाला बसतो आणि वर पिवळं पाणी सुटतं. जागले असतात त्या पिवळ्यात. ते पोराच्या शिरेतून दिलं की महिनाभर राखण होते, मग पुन्हा द्यावं लागतं. याचं तयार इंजेक्शनही असतं, पण ते मुंबईहून येईल तेव्हा येईल, शिवाय ते शिरेत चालत नाही, मांडीत टोचावं लागतं. "आणि याच्या मांडीवर मांस कुठं राहिलंय?"

"ह्ये दुखनं आलं कुठून पर?" रंगनाथने विचारलं.

"आईकडून मुलग्यांना येतं. आईला त्रास होत नाही, मुलींना होत नाही. यात कुणाचा काही दोष नसतो."

शेवटचं वाक्य बाबाच्या कानात शिरलंच नाही. त्याने चांगुणाकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला.

पहिल्या खेपेला रंगनाथने रक्त दिलं. काचेच्या बाटलीत लालभडक रक्त जमलं ते बाबाने समोर उभं राहून पाहिलं. बन्सी कंपाउंडरने ती बाटली गार कपाटात ठेवली आणि कपाटाला पितळी कुलूप ठोकलं. ते कुलूप पाहिलं आणि बाबाला पहिल्यांदा संशय आला. दुसऱ्या दिवशी पोराच्या खाटेशेजारच्या दांडीला बाटली टांगली, तर तिच्यात पिवळं पाणी. थेंब थेंब करून तेच पिवळं पाणी पोराच्या हातात उतरलं. आणि तासाभराने, बाबा व्हरांड्यात बसला असताना, एक नर्स फडक्याखाली झाकून काहीतरी घेऊन लगबगीने बायकांच्या वॉर्डाकडे गेली. वाऱ्याने फडकं उडालं. खाली रंगनाथच्या रक्ताची बाटली होती.

बाबाने हयातभर दुभती जनावरं राखलेली. दुधात पाणी घालणारे गवळी त्याने पाहिले होते. पण दूधच काढून घेऊन नुसतं पाणी पाजणारा गवळी त्याने पहिल्यांदाच पाहिला.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर एक चहावाला बसायचा. त्याने तर डोळाच मारला. "बाबा, लढाईत भिंगारच्या छावनीत जवानांसाठी रक्त गोळा केलं, तवापून चटक लागलीय समद्यांना. लाल रक्त जातं भिंगारला. तुमाला पिवळं."

"लढाई तर संपली की."

"लढाई संपली. चटक संपती व्हय?"

गोरक्ष मात्र त्यानंतर सुधारला. घरी गेल्यावर महिनाभर त्याला ताप नाही, कान नाही. अंगणात कोंबड्यांच्या मागे धावला. रंगनाथ म्हणाला, औषध लागू पडलं. बाबा म्हणाला, शनिवारी तेल वाहतोय मी, त्याचा गुण. नुसत्या पाण्यावर एवढा फरक, तर बापाचं खरं रक्त मिळतं तर पोरगं कुस्ती खेळलं असतं!

महिना भरत आला तसा गोरक्ष पुन्हा खोकू लागला. पुन्हा गाडी, पुन्हा नगर. रंगनाथने सकाळी रक्त दिलं आणि साखर कारखान्यावरच्या कामाचा खाडा नको म्हणून तिसऱ्या प्रहरी तो परतला. जाताना बापाला म्हणाला, "आबा, बाई सांगत्याल तसं करा. ध्यान ठिवा."

"ध्यान ठिवायलाच बसलोय," बाबा म्हणाला.

या वेळी त्याने एक काम केलं होतं. बाटली भरून होताच स्वतःच्या करगोट्यातला काळा दोरा तोडून तिच्या गळ्याला बांधला. बन्सी हसला. "आजोबा, बाटलीला दृष्ट लागते का?"

"दृष्ट न्हाई. मला वाचता येत न्हाई. माझी बाटली मला वळखू यायला नगं?"

बाटली कपाटात गेली. कुलूप पडलं.

"ह्ये कुलूप कशापायी रं?"

"लोकांपायी. उघडं दिसलं की ताकाचे तांबे ठेवतात आत. परवा एकाने मासळी ठेवली होती."

बाबाला ते पटलं नाही. ताकासाठी कुणी कुलूप लावतं का? कुलूप लावायला आत चोरण्यासारखं काहीतरी असावं लागतं, किंवा चोरलेलं.

व्हरांड्यात त्याच्या शेजारी पथारी होती श्रीमंतची. श्रीमंत पाथर्डीकडचा ऊसतोड्या. कोरडा मुलूख, घरदार बंद करून टोळीबरोबर इकडे ऊस तोडायला आलेला. त्याची बायको भागूबाई उसाच्या फडातच अडली होती. पोर जन्मलं ते मांजराच्या पिल्लाएवढं, म्हणून मायलेकरं महिना झाला तरी दवाखान्यातच होती. मुकादम दोनदा येऊन शिव्या घालून गेला, पण श्रीमंत हलला नाही. फडक्यात गुंडाळलेला कोयता उशाशी ठेवून तो बसायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा. मागल्या खेपेलाही तो इथंच होता, तेव्हापासून गोरक्षला तर त्याने लळाच लावला होता. उसाचं कांडं सोलून, त्याचे बारीक करवे, चघळायचे तुकडे, करून द्यायचा.

बाबाला हा लळा खुपायचा. ओळख ना पाळख, हा पोराला ऊस का देतो? फुकटच्या गोडाला मुंग्या लागतात. त्याने गाठोडं उचलून दुसऱ्या बाजूला सरकवलं.

श्रीमंतने ते पाहिलं. "बाबा, तुमी शिंगनापूरचं न्हवं? तुमच्याकडं घरांना दारं न्हाईत म्हंत्यात."

"न्हाईत."

"मग गाठुड्यावर का झोपता?"

"गावात दार न्हाई," बाबा म्हणाला. "गावात तू बी न्हाईस."

श्रीमंत खो खो हसला. "माझं नाव श्रीमंत हाय बाबा, म्या कशाला तुमची लंगुटी चोरतो?"

चांगुणा आतून आली, तिने हे ऐकलं. "मामंजी, त्यांनी पोराला जीव लावलाय. असं बोलू नगा."

"तू पोराकडं बघ," बाबा म्हणाला.

दुसरा दिवस उजाडला. पिवळं पाणी दुपारनंतर द्यायचं ठरलं होतं. गोरक्षचं अंग रात्रीपासून भट्टीसारखं होतं, श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. बाबा त्याच्या खाटेशी बसायचा, उठायचा, कपाटाच्या खोलीशी जायचा, पुन्हा यायचा. आज पुन्हा तेच होणार. वरचं पाणी पोराला आणि लाल भिंगारला.

ऐन सकाळी बन्सीने कपाट उघडलं. आतून काही औषध काढतोय तोच फाटकाशी आरडाओरडा झाला. एका गाडीवानाला बैलाने शिंग मारलं होतं, त्याला उचलून आणत होते. बन्सी औषध हातात घेऊन तसाच पळाला. कपाटाचं दार लोटलेलं राहिलं आणि कुलूप कोयंड्यात उघडं लोंबत राहिलं.

बाबा दारातच होता.

आपण चोरी करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. आपल्या पोराचं रक्त, आपल्या दोऱ्याची खूण. चोरी तर कुलपाआड चालली होती. त्याने दार ओढलं. काळ्या दोऱ्याची बाटली पुढेच होती. तळाला लाल, वर पिवळं, मध्ये सुरीने कापावी तशी रेघ. त्याने ती दोन्ही हातांनी उचलली, छातीशी धरली आणि बाहेर पडला.

लपवायची त्याला नव्हतीच. खरं ते उघड्यावर असतं, एवढं त्याला ठाऊक होतं. देव उघड्यावर आहे, म्हणूनच त्याच्यापुढे कुणाचा हात उचलत नाही. दवाखान्याच्या अंगणात कडुनिंबाला दगडी पार होता. त्या पारावर, जिथं चारी बाजूंनी नजर पडेल अशा जागी, त्याने बाटली ठेवली आणि समोर मांडी घालून बसला. आता घ्या म्हणावं कुणाला काय घ्यायचं ते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घ्या.

जाणारे-येणारे थांबायचे. "बाबा, ह्ये काय?"

"माझ्या लेकाचं रक्त हाय. राखतोय."

एक बाई हात जोडून पुढे गेली. तिला काय वाटलं कोण जाणे.

चैत्राचं ऊन. निंबाची जुनी पानं झडून गेलेली आणि नवी अजून कोवळी, तेव्हा सावली कसली ती? सूर्य वर आला तसं ऊन पारावर चढलं, बाबाच्या गुडघ्यावर आलं, बाटलीवर आलं. काच चमकू लागली. आणलेली बाटली हिंदकळून सगळी एक झाली होती, ती आता पुन्हा निवळू लागली. बाबा वाकून बघत होता. पण या वेळी वर पिवळं सुटलंच नाही. वरचंही लालच राहिलं, पळसफुलाच्या पाण्यासारखं.

बाबाला भरून आलं. बघा, म्हणाला तो मनाशी, कुलपातून बाहेर काढलं, उघड्या आभाळाखाली ठेवलं, तर रक्ताने आपला रंग धरला की नाही? पिवळं व्हायचं कारणच काय होतं? ते कपाटच त्याला पिवळं करत होतं.

मग दवाखान्यात बोंब उठली. बन्सी इकडून तिकडे पळाला, नर्सा धावल्या, आणि शेवटी कुणीतरी पाराकडे बोट केलं. डॉक्टर भिंगारदिवेबाई अंगणात आल्या. त्यांनी बाटली पाहिली आणि त्यांची पावलं सावकाश झाली.

"कधीपासून इथं आहे ही?"

"सकाळपून," बाबा अभिमानाने म्हणाला. "डोळ्याची पापनी लवू दिली न्हाई. बघा बाई, समदं लाल हाय. आता द्या ह्ये पोराला."

बाई पारावर बसल्या. त्यांनी बाटली उचलून उन्हासमोर धरली आणि खाली ठेवली. ओरडल्या असत्या तर बाबाला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्याशी भांडता येतं.

"बाबा, हे नासलं. दूध उन्हात ठेवलं तर काय होतं?"

"नासतं."

"तसंच. तो लाल रंग चांगला नाही. लाल कण उन्हाने फुटले, त्यांचा रंग वरच्या पाण्यात उतरला. हे आता पोराला दिलं तर रोग आम्हीच त्याच्या शिरेत घातल्यासारखं होईल."

"खोटं!" बाबा उठून उभा राहिला. "मागल्या म्हैन्याचं लाल कुठं गेलं, त्ये सांगा आधी! म्या बघितलंय. फडक्याखाली झाकून नेत हुत्या. कुनाला दिलं? माझ्या लेकाचं रक्त, आन माझ्या नातवाला पिवळं पानी!"

माणसं जमली. चांगुणा वॉर्डातून धावत आली होती. तिने पारावरची बाटली पाहिली, दोरा पाहिला, आणि सगळं तिला एका नजरेत कळलं. आजवर सासऱ्यापुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता.

"मामंजी, काय केलं ह्ये?"

"उघड्यावर ठिवलं. कुलपात चोऱ्या हुत्यात."

"आपुन न्हाई का रातच्याला फळी लावत दाराला?"

"ती कुत्र्यासाठी!"

"मग ह्ये ऊन कुत्रं न्हाई तर काय हाय?" तिने पारावरच्या बाटलीकडे बोट केलं. "त्या कपाटाला कुलूप हुतं त्ये बी फळीवानीच हुतं. तुमी फळी काढली आन कुत्र्याला आत घेतलं. माझं माहेर मुलगं खातं म्हंता न्हवं सगळी? मला ठाव हाय काय म्हंता त्ये. आज कुनी खाल्लं? सांगा की, आज कुनी खाल्लं?"

ऊन तसंच बाटलीवर पडलं होतं.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "चांगुणा, आत जा, पोर एकटं आहे. बाबा, तुम्ही माझ्याबरोबर चला. लाल कुठं गेलं ते दाखवते."

त्यांनी त्याला बायकांच्या वॉर्डाच्या दारात नेलं. कोपऱ्यातल्या खाटेवर भागूबाई बसली होती. कापसात गुंडाळलेलं पोर तिच्या मांडीवर होतं.

"ही आली तेव्हा अंगात रक्त राहिलं नव्हतं. नवऱ्याचं लाल हिला जुळलं नाही. रंगनाथचं जुळलं. गोरक्षला लाल लागतच नाही, ते उरतं. हिला दिलं." बाई बाबाकडे वळल्या. "तुम्हाला विचारायला हवं होतं. ती मरायला टेकली होती, घाईत राहिलं. पण नंतर सांगायला तरी हवं होतं."

बाबा बघत राहिला. म्हणजे त्याचा संशय खरा होता. लाल गेलं होतं, न विचारता गेलं होतं. आणि तरीही तो खरा निघाल्याचं सुख त्याला कुठंच सापडेना.

"आता पोराचं काय?"

"रंगनाथचं पुन्हा इतक्यात घेता येणार नाही. चांगुणाच्या अंगात पुरेसं रक्त नाही."

"माझं घ्या." त्याने बाही वर केली.

बाईंनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "तुमचीच पापणी पांढरी पडलीय बाबा, रक्त कमी आहे. आणि मागे एकदा कावीळ झाली होती म्हणालात ना? कावीळ झालेल्याचं चालत नाही." मग त्या म्हणाल्या, "पिवळ्याचं जुळणं वेगळं असतं. श्रीमंतचं लाल बायकोला चाललं नाही, पण त्याचं पिवळं गोरक्षला चालेल. रक्त त्याचं तपासलेलं आहे. आज दिलं तर उद्या पोराला देता येईल. तोवर मी औषधावर धरून ठेवते. पण त्याला विचारायला हवं."

"इचारा की."

"तुम्ही विचारा," बाई म्हणाल्या. "नातू तुमचा आहे."

व्हरांड्यापर्यंतची वाट एवढीशी, पण बाबाला ती सरता सरेना. श्रीमंत भिंतीला टेकून बसला होता. पाराजवळचा तमाशा त्याने ऐकला होता की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"पाव्हणं," बाबा म्हणाला.

"बोला बाबा. गाठुड्यातलं काय हरवलं का?"

"हरवलं." बाबा त्याच्यासमोर खाली बसला. "पर माझ्याच हातानं हरवलं."

आणि त्याने सगळं सांगितलं. बाटली, ऊन, फडक्याखालचं लाल. रंगनाथचं रक्त कुणाच्या अंगात गेलं तेही. श्रीमंत ऐकता ऐकता पुढे सरकला.

"म्हंजी माझ्या भागूच्या अंगात तुमच्या ल्योकाचं रगात हाय?"

"डाक्तरीन तसं म्हनती."

"आन तुमी मला मागल्या खेपेपून चोर समजत व्हता."

"व्हय. समजत हुतो."

श्रीमंत वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं, पण ते डोळ्यांपाशी येऊन ओलं झालं. "मग बाबा, चोर तर म्याच निघालो की!"

बाबाला हसता आलं नाही. "दिशील का?"

श्रीमंतचं हसू विरलं. त्याने आपला उजवा हात पाहिला, उलटा केला, सुलटा केला. "ह्यो कोयत्याचा हात हाय. बळ जाईल का ह्यातलं?"

आता खोटं बोलायला हरकत नव्हती. एक शब्द बोलला असता तर काम झालं असतं. पण बाबाला ते जमेना. "रंगनाथ तर रक्त दिऊन कामावर गेला. पर मला इचारशील तर मला काय बी ठाव न्हाई. मी कुनावर भरवसा ठिवला न्हाई कधी, तुला कसा ठिव म्हनू?"

श्रीमंत विचारात पडला. तेवढ्यात दारातून भागूबाईचा आवाज आला. पोर खांद्याला लावून ती केव्हाची उभी होती. "आता काय मुकादमाला इचारून देनार व्हय? उठा की!"

श्रीमंत उठला. दोन पावलं गेला आणि वळला. "माझी बाटली कुठं ठिवनार बाबा? त्या पारावर?"

"कुलपात," बाबा म्हणाला.

रक्त काढताना बाबा समोर उभा राहिला नाही. पोराच्या खाटेशी बसून त्याने गोरक्षच्या नाकाखाली बोट धरलं होतं. श्वास लागत होता, तुटत होता, पुन्हा लागत होता. चांगुणा खाटेच्या दुसऱ्या बाजूला होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. बाटली भरल्यावर बन्सीने हाक मारली, तसा तो उठला. नासलेल्या बाटलीचा काळा दोरा त्याने सोडवून मुठीत ठेवला होता. तो नव्या बाटलीला बांधावा म्हणून त्याने हात पुढे केला, आणि मागे घेतला. ही बाटली त्याची नव्हती.

"बांधा की," श्रीमंत आडवा पडल्या पडल्या म्हणाला. "वळखू यायला नगं?"

बाबाने दोरा बांधला. बन्सीने बाटली आत ठेवली, कुलूप लावलं.

"वढून बघ," बाबा म्हणाला.

"काय?"

"कुलूप वढून बघ. नीट बसलंय का."

बन्सीने ओढून दाखवलं. तेवढ्याने बाबाचं समाधान झालं नाही, त्याने स्वतः एकदा ओढून पाहिलं. मग तो त्या कपाटासमोरच भिंतीला टेकून बसला. दिवस मावळला तरी उठला नाही. चांगुणाने भाकरी आणून त्याच्यापुढे ठेवली. बाबाने भाकरी घेतली, आणि या वेळी त्याची मान सरळ होती.

दुसऱ्या दिवशी दांडीला पिवळी बाटली टांगली. थेंब पडताना बाबा प्रत्येक थेंबाकडे असा बघत होता जणू एखादा मध्येच पळून जाईल. बाई नाडी धरून बसल्या होत्या. बाटली निम्मी झाली तेव्हा त्या श्रीमंतला म्हणाल्या, "तुझं लाल उरलंय. भिंगारच्या एका म्हातारीचं ऑपरेशन आहे. देऊ का?"

"भिंगार!" बाबा ताडकन उभा राहिला. "बगा! त्यो चहावाला म्हनतच हुता!"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. श्रीमंतही बघत राहिला.

बाबा हळूहळू खाली बसला. "बरं," तो म्हणाला. "आधी इचारलं, म्हंजी झालं."

"द्या म्हातारीला," श्रीमंत म्हणाला.

तो दिवस ताप तसाच होता. बाबाने तेल वाहण्याचा नवस पुन्हा बोलला, आणि औषधाच्या वेळेला बन्सीला दोनदा आठवणही केली. कुणाचा गुण येईल याचा भरवसा नव्हता, तेव्हा दोघांवरही नजर ठेवलेली बरी. तिसऱ्या दिवशी सकाळी गोरक्षच्या कपाळाला घाम आला. बरगड्यांमधली ओढ कमी झाली. दुपारी त्याने डोळे उघडले, आजोबाकडे पाहिलं, चांगुणाकडे पाहिलं आणि दाराकडे बघून म्हणाला, "ऊस?"

चांगुणाने पदर तोंडात धरला. बाबा बाहेर आला. श्रीमंत कांडं सोलत होता. त्यालाही आतलं ऐकू गेलं होतं.

"बारीक कर," बाबा म्हणाला. "घशात अडकंल."

"मागल्या खेपेपून करतोय बाबा, आज शिकवताय?"

"आन धुवून घे. थांब, मीच पानी आनतो."

बाबाने तांब्या उचलला. गाठोडं तिथंच श्रीमंतच्या पथारीशेजारी होतं. त्याने ते उचललं नाही. तांब्या घेऊन तो अंगणातल्या नळाकडे निघाला, पाराला वळसा घातला आणि नळापाशी पोचला.

पोचल्यावर मात्र त्याने एकदा मागे वळून पाहिलंच.